साहेबांचं प्रगतिपुस्तक कुठे असतं?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही व्हरांड्यातला तो फळा आठवत असेल. वर वार आणि दिनांक, खाली इयत्तेप्रमाणे पट आणि हजर मुलामुलींची संख्या. चाकणजवळच्या एखाद्या वाडीत रस्त्यानं जाणाऱ्या माणसालाही कळतं, की आज चौथीतली किती मुलं आली नाहीत. आत मुख्याध्यापकांच्या टेबलावर शेरेबुक असतं. केंद्रप्रमुख येतात, विस्तार अधिकारी येतात, वर्ग बघतात, शेरा लिहितात, सही करतात आणि चहा घेऊन निघतात.

आपल्या शिक्षणव्यवस्थेत शेरे खूप आहेत. मुलाचा शेरा प्रगतिपुस्तकात येतो आणि त्यावर पालकाची सही लागते. शाळेची माहिती दरवर्षी युडायसमध्ये भरली जाते आणि तिचा मोठा भाग इंटरनेटवर कुणालाही दिसतो. केंद्र सरकार जिल्ह्यांचीही प्रतवारी करतं. तिचं नाव कामगिरी प्रतवारी निर्देशांक. ठरलेले निकष, ६०० गुण आणि निकाल जाहीर. म्हणजे पुणे जिल्ह्याला किती गुण मिळाले हे मोबाइलवर बघता येतं.

या साखळीत एकाच माणसाचं प्रगतिपुस्तक आपल्याला दिसत नाही. तो माणूस म्हणजे शिक्षणाधिकारी.

मोशीला इंद्रायणी ओलांडेपर्यंत पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द. तिथे पालिकेच्या शंभरहून अधिक शाळा आणि त्यांच्यावर पालिकेचा शिक्षण विभाग. पूल ओलांडला की खेड तालुका सुरू होतो, चाकण येतं, आणि शाळा पुणे जिल्हा परिषदेच्या होतात. कारखान्यांचा पट्टा एकच, बिऱ्हाड बदलणारी कामगारांची मुलंही तीच. पण नदीच्या अलीकडे एक शिक्षणाधिकारी आणि पलीकडे दुसरे. शिक्षकांच्या रिकाम्या जागा, नव्या शाळांचे प्रस्ताव, २५ टक्के राखीव प्रवेशांच्या तक्रारी, अनधिकृत शाळांवरची कारवाई, असं सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. त्यांनी वर्षभर काम कसं केलं, हे कोण ठरवतं? आणि ठरलेलं आपल्याला का सांगत नाहीत? याचं उत्तर शोधायला दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं.

दिपोटी आले!

१८५४च्या वुड यांच्या खलित्यानंतर, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी विद्याखातं उभं राहिलं. सर्वात वर डायरेक्टर, त्याखाली इन्स्पेक्टर आणि त्याखाली डेप्युटी इन्स्पेक्टर. गावोगावच्या लोकांनी या डेप्युटीचा ‘दिपोटी’ केला. दिपोटी यायचे म्हटलं की शाळा सारवली जायची, मुलांना अंघोळी घातल्या जायच्या, पंतोजी घामाघूम व्हायचे. दिपोटी परीक्षा घ्यायचे, अहवाल लिहायचे आणि तो अहवाल वर जायचा. ज्या गावाची शाळा, त्या गावाकडे तो परत येत नसे.

गंमत अशी की पैसे गावाचेच होते. १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. शाळा रयतेच्या आण्यांवर चालत होती. तपासणीचा कागद मात्र साहेबाकडून मोठ्या साहेबाकडे जात होता.

हे विसंगत आहे हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यांत महात्मा जोतीराव फुले पहिल्या फळीत होते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा या मागणीसाठी ते आपण लक्षात ठेवतो. पण त्यात तपासणी यंत्रणेवरही थेट टीका आहे. फुल्यांचं म्हणणं असं: देखरेख सदोष आणि अपुरी आहे, वर्षातून एकदा दिपोटी येऊन गेल्यानं काही साधत नाही, तपासणी निदान तिमाहीला हवी, आणि मधूनमधून आगाऊ न कळवताही शाळेला भेट द्यायला हवी. गावचे आणि जिल्ह्याचे अंमलदार इतर कामांत इतके बुडालेले असतात, की ते आले तरी त्यांची तपासणी वरवरची होते, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

शिक्षक कसे आहेत यावर तेव्हा सगळेच बोलत होते. फुल्यांनी तपासणाऱ्यांचीच तपासणी केली, आणि तीही आयोगापुढे, सार्वजनिकरीत्या. ज्याच्या साऱ्यातून शाळा चालते, त्याला अधिकाऱ्याच्या कामाबद्दल बोलता येतं, हे त्यांनी करून दाखवलं. मात्र पुढच्या कायद्यांमध्ये हा धागा फार लांब गेला नाही.

निवडून आलेलं मंडळ, नेमलेला अधिकारी

१९२३ मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवण्याची वाट मोकळी झाली. योगायोग असा की शासकीय गुपितांचा कायदाही १९२३ चाच. शाळा लोकांच्या जवळ आणायच्या आणि कागद लोकांपासून लांब ठेवायचे, असे दोन कायदे एकाच वर्षी झाले. पुढे १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. त्यात शहरांसाठी शिक्षण मंडळं होती. मंडळाचे सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी निवडायचे, पण प्रशासन अधिकारी सरकार नेमणार. मंडळ ठराव करणार, अधिकारी अंमल करणार आणि त्याचं सेवापुस्तक सरकारकडे राहणार.

पिंपरी-चिंचवडनं हीच रचना वारशात घेतली. १९७० मध्ये इथे नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. गावठाणांच्या भोवती आकुर्डी, भोसरी, चिंचवडचे कारखाने वाढले, कामगारांच्या वस्त्या वाढल्या आणि पालिकेच्या शाळा वाढल्या. शिक्षण मंडळ हे शहराच्या राजकारणातलं मानाचं पद झालं. बूट-दप्तर-गणवेशाच्या खरेदीवरून राज्यभरातल्या शिक्षण मंडळांत वाद होत राहिले, आणि २०१३ मध्ये राज्यानं १९४७ चा कायदाच रद्द केला. मंडळं मुदत संपेपर्यंत चालली आणि मग कारभार थेट पालिकेच्या विभागाकडे आला. ठेकेदारीला आळा बसावा हा हेतू रास्त होता. पण मंडळाच्या सभेत अधिकाऱ्याला उभं करून प्रश्न विचारायची एक जागाही त्यासोबत गेली.

ग्रामीण भागाची गोष्ट १९६२ पासून सुरू होते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. निवडून आलेली शिक्षण समिती तयार झाली आणि शिक्षणाधिकारी त्या समितीचा सचिव झाला. रयतेच्या आण्यापासून निघालेला प्रवास इथे पूर्ण व्हायला हवा होता. आता गावचाच माणूस सदस्य होणार, तोच अधिकाऱ्याला जाब विचारणार.

पण याच कायद्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या अधिकारांची यादी आहे. त्यात असं काम दिलं आहे, की जिल्हा परिषदेतल्या वर्ग एक आणि दोनच्या अधिकाऱ्यांच्या कामाबद्दल त्यानं दरवर्षी आपलं मत द्यावं आणि ते वरच्या प्राधिकाऱ्याकडे पाठवावं. मत कसं द्यायचं? गोपनीयरीत्या. लोकशाही विकेंद्रीकरणाच्या कायद्यात हा एक शब्द दिपोटीच्या काळातला राहून गेला. सभागृह उघडं झालं, लिफाफा बंदच राहिला.

त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९६२ ला, एमआयडीसी स्थापन झाली. तिनं या पट्ट्यात कामाच्या मोजमापाची वेगळीच संस्कृती आणली. वाहन कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात जा. प्रवेशाजवळच फलक असतो: अपघाताविना किती दिवस गेले, काल किती माल नापास झाला, ग्राहकाच्या किती तक्रारी आल्या. ग्राहक कंपनीचे लोक ऑडिटला येतात, तेव्हा मालकाला स्वतः उत्तरं द्यावी लागतात. ‘आमच्या प्लँट मॅनेजरचं काम कसं आहे हा आमचा घरगुती मामला आहे’ असं म्हणून चालत नाही. माल ग्राहक घेतो, म्हणून विचारायचा हक्क त्याचा.

आधी अधिकाऱ्यालाही दिसत नव्हतं

गोपनीय अहवालाला सरकारी बोलीत नुसतं ‘सीआर’ म्हणतात. साहेबांनी सीआर खराब केला, हे वाक्य सरकारी नोकरांच्या घरात वाढलेल्या प्रत्येकानं ऐकलं असेल. त्यातल्या प्रती मजेशीर असतात. ‘चांगला’ असतो आणि त्याच्या वर ‘निश्चित चांगला’ असतो. या एका ‘निश्चित’वर माणसाची बढती अडते.

आपल्याला हा अहवाल दिसत नाही ही तक्रार करताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कित्येक दशकं तो खुद्द त्या अधिकाऱ्यालाही पूर्ण दिसत नव्हता. प्रतिकूल शेरा असेल तर तेवढा कळवायचा, असा रिवाज होता. हे बदललं ते देव दत्त नावाच्या एका अभियंत्यामुळे. ते सीमावर्ती रस्त्यांच्या सेवेत होते. बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘खूप चांगला’ शेरा लागत होता आणि त्यांच्या एका वर्षाच्या अहवालात नुसतं ‘चांगला’ लिहिलेलं होतं. ‘चांगला’ हा काही वाईट शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळवलाच नव्हता, आणि त्यावरच त्यांची बढती हुकली. मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की चांगली असो वा वाईट, प्रत्येक नोंद त्या कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

महाराष्ट्रातही नाव बदललं. गोपनीय अहवालाचा ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ झाला, तो ऑनलाइन भरला जाऊ लागला, संबंधित अधिकाऱ्याला बघता येऊ लागला. कंपनीत दरवर्षी अप्रेझलच्या महिन्यात रेटिंग कशावरून ठरलं हे विचारणाऱ्या आम्हा आयटीवाल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण हा दरवाजा एकाच बाजूला उघडला. ज्याचं मूल्यमापन होतं त्याला ते दिसलं. ज्यांच्यासाठी तो काम करतो, त्यांना नाही.

मालक कोण?

दुसऱ्या बाजूचा दरवाजा ठोठावला गेला तोही महाराष्ट्रातूनच. माहितीच्या अधिकाराचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्यानं २००२ चा कायदा आणला, तो देशाच्या २००५ च्या कायद्याआधी. या कायद्याच्या आधारे गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची माहिती मागितली: त्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, झालेली शिक्षा, मालमत्तेचा तपशील. माहिती नाकारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३ ऑक्टोबर २०१२ ला निकाल आला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की कर्मचाऱ्याची कामगिरी ही प्रामुख्यानं कर्मचारी आणि त्याचा नियोक्ता यांच्यातली बाब आहे. व्यापक जनहित दाखवता आलं तरच ती माहिती देता येईल.

हा शिक्षण खात्याबद्दलचा निकाल नव्हे. पण त्यानंतर कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याच्या अहवालाची माहिती मागितली, की उत्तरात हाच निकाल येऊ लागला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कामगिरी आणि मूल्यमापन अहवाल हे वैयक्तिक माहितीत मोडतात असं नोंदवलं, जनहिताचा अपवाद ठेवूनच. मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला आणि त्यानं माहिती अधिकाराचं संबंधित कलमच छाटून लहान केलं. आधी त्यात असं होतं, की ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही ती वैयक्तिक माहिती नाकारता येईल, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या बदलानंतर एवढंच उरलं, की वैयक्तिक माहिती असेल तर नाकारता येईल. कायद्यातलं जनहिताचं दुसरं कलम अजून शिल्लक आहे, पण आता नागरिकाची सगळी मदार त्या एका कलमावर आहे.

या सगळ्यात मला एकच शब्द अडतो: नियोक्ता. शिक्षणाधिकाऱ्याचा नियोक्ता कोण? राज्य सरकार, हे कायद्याचं उत्तर. पण राज्य सरकार कुणाचं? १८६० च्या दशकातली रयत एक आणा देत होती, म्हणून फुले तिच्या वतीनं बोलले. आज भोसरीतला लेथ चालवणारा आणि चाकणच्या शेडमध्ये पॅकिंग करणारी बाई साबणापासून पेट्रोलपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरतात. नियोक्ता आणि कर्मचारी यांच्यातली बाब असेल, तर त्या खोलीत यांनाही एक खुर्ची हवी.

प्रतिनिधी आहेत की, असं कुणी म्हणेल. पण मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची आणि पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ दोन्हीकडे निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. प्रशासकांचा कारभार होता. अधिकारी अधिकाऱ्याचं मूल्यमापन करत होता आणि ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवत होता. वर्तुळ पूर्ण बंद. त्या काळात पहिलीत गेलेलं मूल आता वाचायला शिकलं की नाही, याचा जाब कुणाच्या खात्यावर मांडायचा?

दुसरी बाजूही आहे

अमेरिकेत बहुतेक शाळा-जिल्ह्यांना निवडून आलेलं बोर्ड असतं आणि सहसा तेच ‘सुपरिंटेंडंट’ नेमतं. तिथेही सगळीकडे सारखं नाही. कॅलिफोर्नियात बोर्ड हे मूल्यमापन बंद दाराआड करू शकतं. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र ते खुल्या सभेत करायचं असतं. तिथे सदस्य पालकांसमोर आपलं मत मांडतात. एकाच देशात दोन रीती चालतात याचा अर्थ असा, की हा प्रश्न त्यांनाही सोपा गेलेला नाही.

आपल्याकडे तो आणखी अवघड आहे. समजा, एखाद्या शिक्षणाधिकाऱ्यानं वजनदार माणसाच्या अनधिकृत शाळेला नोटीस दिली. उद्या त्याचं मूल्यमापन भर सभेत झालं, तर त्याच्यावर तुटून पडणारे कोण असतील? पालक नव्हे. आरडाओरडा करू शकणारी माणसं आणि सामान्य जनता यांत फरक आहे. शिवाय माणसाचं आजारपण, घरची अडचण, वरिष्ठानं दिलेला खासगी सल्ला हे चव्हाट्यावर आणायचं कारण नाही. बंद लिफाफ्यानं काही चांगल्या अधिकाऱ्यांनाही वाचवलं असेल.

पण यावर मधला रस्ता आहे आणि तो आपण एकदा चालून बघितला आहे. शिक्षकांच्या बदल्या हा जिल्हा परिषदांमधला कायमचा दुखरा विषय. कुणाची बदली कुठे, यात वशिल्याच्या किती कहाण्या! २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानं निकष जाहीर केले आणि बदल्या संगणकावर आणल्या. वाद संपले नाहीत. शिक्षक कोर्टात गेले, निकष पुन्हा बदलले. पण वादाचा विषय बदलला. ‘साहेबांनी माझं का नाही केलं’ इथून भांडण ‘हा निकष चुकीचा आहे’ इथे आलं. निकषावर सगळ्यांना बोलता येतं. साहेबांच्या मनावर कुणालाच बोलता येत नाही.

शिक्षणाधिकाऱ्याच्या बाबतीतही सगळा अहवाल उघडा करायची गरज नाही. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी ठरवलेली उद्दिष्टं जाहीर करावीत. शिक्षकांच्या किती रिकाम्या जागा भरणार, किती शाळांना स्वतः भेट देणार, प्रवेशाच्या तक्रारी किती दिवसांत निकाली काढणार, शाळाबाह्य मुलांचं काय करणार. वर्षाअखेरीस शिक्षण समितीच्या खुल्या सभेत त्यासमोर काय झालं ते मांडावं, आणि जे झालं नाही ते का झालं नाही हेही सांगावं. शिक्षक न देणं राज्याच्या हातात असेल तर तसं स्पष्ट म्हणावं. त्यानं अधिकाऱ्याचंच संरक्षण होईल. ही माहिती कुणाची वैयक्तिक नाही, ती कार्यालयाच्या कामाची आहे. कार्यालयांनी आपली माहिती आपणहून प्रसिद्ध करावी, असं माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम २००५ पासून सांगतंच आहे.

लोकांना हे समजणार नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी खेड तालुक्यातलंच उदाहरण आहे. २०२५ मध्ये जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला जागतिक स्तरावरचा एक पुरस्कार मिळाला, आणि तो होता लोकांच्या मतांवर ठरणारा. एका वाडीतली शाळा काय करते आहे, हे जगभरच्या लोकांनी बघितलं आणि मत दिलं. शाळेचं काम असं उघड्यावर मोजता येत असेल, तर तिच्यासारख्या शेकडो शाळांना शिक्षक आणि छप्पर वेळेवर मिळतं की नाही, हेही मोजता येईल.

फुल्यांच्या निवेदनाला आता १४० वर्षांहून जास्त काळ झाला. दिपोटीचे शिक्षणाधिकारी झाले, सीआर कागदावरून संगणकावर गेला. व्हरांड्यातला फळा मात्र अजून रोज सकाळी कुणीतरी पुसतं आणि नवे आकडे लिहितं. ते आकडे कमी असले तरी लपवत नाही. तसाच एक फळा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेर लावायला फार खर्च येणार नाही. मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, प्रलंबित तक्रारी इतक्या. पुढच्या वेळी जिल्हा परिषदेत किंवा पालिकेत काही कामानिमित्त गेलात, तर तो आहे का ते बघा. नसेल तर विचारा, का नाही.